मरते एक पेशी, दोष दुसरीकडे

नमस्कार.

प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर आंधळा झाला तरी ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो खातो, पितो, मिशांनी कडा चाचपत पिंजऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत जातो, वजनही ठरल्याप्रमाणे वाढतं. उंदराचं जग मुळात वासाचं आणि मिशांचं आहे, डोळ्याचा नंबर त्यानंतर लागतो. त्यामुळे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, पार झिजून गेला तरी रोजच्या देखभालीत काही वावगं आढळत नाही. प्राणी मेल्यावर डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मग उलगडा होतो. तोपर्यंत त्या उंदरावर वर्ष-दोन वर्षांचा प्रयोग होऊन गेलेला असतो, आणि प्रश्न उभा राहतो: हे कशानं झालं? औषधानं? वयानं? जन्मजात होतं?

आज मला एकच गोष्ट तुमच्यापुढे मांडायची आहे. दृष्टिपटलात मरताना दिसते ती एक पेशी, पण मूळ बिघाड पुष्कळदा दुसरीकडेच असतो. कधी शेजारच्या थरात, कधी आहारात, आणि कधी छतावरच्या दिव्यात. उंदराच्या डोळ्यावर जवळजवळ नव्वद वर्षं जे काम झालं, त्यातून हे पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. तरीही मरणाऱ्या पेशीकडेच बोट दाखवण्याची आपली सवय जात नाही.

आधी एक स्लाइड नीट पाहू. निरोगी तरुण उंदराच्या डोळ्याचा उभा छेद घेऊन तो हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिननं रंगवला, की पडद्याचे थर पट्ट्यांसारखे वेगवेगळे दिसतात. भिंगाच्या बाजूला मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या गँग्लियन पेशी. त्यामागे मधल्या दुव्याच्या पेशी. त्यामागे गर्द जांभळ्या ठिपक्यांचा एक जाड पट्टा येतो, ती प्रकाशग्राही पेशींची केंद्रकं. एकावर एक अशा दहा ते बारा ओळी तिथे मोजता येतात. त्यांच्या पलीकडे फिकट गुलाबी, उभ्या रेघांसारखा भाग दिसतो. तो म्हणजे याच पेशींचे बाह्यखंड. प्रकाश पकडणारं ऱ्होडॉप्सिन तिथे चकत्यांच्या चळतीत बसवलेलं असतं. आणि त्याच्याही पलीकडे, अवघ्या एका पेशीच्या जाडीचा, रंजक पेशींचा थर. त्याचं नाव रेटिनल पिगमेंट एपिथेलियम. सगळे त्याला आरपीई म्हणतात, मीही तसंच म्हणेन. या थराकडे लक्ष असू द्या.

उंदीर निशाचर. त्याच्या प्रकाशग्राही पेशींपैकी सुमारे ९९ टक्के दंडपेशी असतात, म्हणजे मंद उजेडात काम करणाऱ्या. शंकुपेशी जेमतेम १ टक्का. ऱ्हास मोजायची रीत त्यामुळे सोपी आहे: जांभळ्या पट्ट्यातल्या ओळी मोजायच्या. बारा, आठ, चार, एक. शेवटी पट्टाच नाहीसा होतो आणि मधला थर थेट आरपीईला जाऊन टेकतो. असा छेद पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की कापतानाच काहीतरी चुकलं असावं, इतका तो पडदा पातळ दिसतो.

ओळी मोजणं सोपं असलं तरी कुठे मोजल्या हे लिहून ठेवावं लागतं. प्रकाशामुळे होणारा ऱ्हास पांढऱ्या उंदरात पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात जास्त असतो. खालच्या अर्ध्यात मोजणाऱ्याला तोच डोळा बराचसा धडधाकट वाटेल. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक डोळा काढण्याआधीच वरच्या बाजूला टाका घालून किंवा डाग देऊन खूण करतात. एकदा डोळा खोबणीतून बाहेर आला की वर-खाली ओळखणं फार अवघड जातं.

आता आनुवंशिक ऱ्हासाकडे येते. १९३८ साली बॉर्न, कॅम्पबेल आणि टॅन्स्ली या तिघांनी उंदराच्या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक ऱ्हासाचं वर्णन प्रसिद्ध केलं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नावावरून हे उंदीर पुढे आरसीएस उंदीर म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि आजही जगभर वापरले जातात. पिल्लू जन्मतं तेव्हा डोळ्यात काही खोट दिसत नाही. पडदा नेहमीसारखा तयार होतो. डोळे उघडतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाह्यखंड आणि आरपीई यांच्यामध्ये एक गाळ साचायला लागतो. तो वाढत जातो. दोन महिन्यांचा होईपर्यंत उंदराच्या बहुतेक प्रकाशग्राही पेशी मेलेल्या असतात, आणि तीन महिन्यांनी शोधून एखाद-दुसरी सापडते.

१९६२ साली डाउलिंग आणि सिडमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा गाळ तपासला. तो चकत्यांचाच बनलेला होता, बाह्यखंडातल्या पडद्यांसारख्या पडद्यांचा. शिवाय ऱ्हासाच्या सुरुवातीला डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन कमी होण्याऐवजी नेहमीपेक्षा जास्त भरलं. यावरून काय निष्कर्ष निघेल? दंडपेशी गरजेपेक्षा जास्त माल तयार करते आणि त्याखाली स्वतःच गुदमरते. त्या काळी हाती असलेल्या माहितीवरून हा तर्क अगदी रास्त होता. पेशी मरत होती दंडपेशी, माल होता दंडपेशीचा, मग दोषही तिचाच असणार.

गाठ सुटली ती निरोगी डोळ्यावरच्या कामामुळे. रिचर्ड यंग यांनी १९६७ साली किरणोत्सारी अमिनो आम्लं वापरून दाखवलं की बाह्यखंड हा कायमचा अवयव नाही. बुडाशी रोज नव्या चकत्या तयार होतात आणि जुन्या टोकाकडे ढकलल्या जातात. उंदरात एखादी चकती बुडापासून टोकापर्यंत साधारण दहा दिवसांत पोहोचते. नख जसं मुळाशी वाढतं आणि टोकाला कापावं लागतं, तसंच हे. कापायचं काम आरपीईचं. १९६९ साली यंग आणि बॉक यांनी दाखवलं की बाह्यखंडाच्या टोकाच्या चकत्या आरपीईच्या पेशी गिळतात आणि पचवतात. उंदरात आरपीईची एकेक पेशी शंभराहून अधिक दंडपेशींची अशी टोकं रोज खाते, आणि जन्मभर खाते. शरीरात एवढं गिळणारी दुसरी पेशी शोधावी लागेल.

मॅथ्यू लाव्हेल यांनी १९७६ साली यातली एक बारीक पण सुंदर गोष्ट दाखवली. दिवस-रात्रीच्या नियमित चक्रात वाढलेल्या उंदरात हे टोक गळणं दिवसभर सारखं चालत नाही. सकाळी उजेड झाल्यावर पहिल्या एक-दोन तासांत त्याची लाट येते, आणि उंदराला अंधारात ठेवलं तरी त्याच वेळेला येते. म्हणजे पडद्याला आपलं घड्याळ आहे. स्लाइडवर आरपीईमध्ये गिळलेल्या चकत्यांचे गोळे मोजायचे असतील तर प्राणी किती वाजता मारला हे माहीत असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हे कळल्यावर आरसीएस उंदराकडे लोक नव्या नजरेनं पाहू लागले. १९६९ साली हेरॉन आणि सहकाऱ्यांनी, आणि १९७१ साली बॉक आणि हॉल यांनी खुणेच्या चकत्यांचा माग काढला. चकत्या नेहमीप्रमाणे तयार होत होत्या, वर सरकत होत्या, टोकाला पोहोचत होत्या. आरपीई त्या खातच नव्हती. तो गाळ म्हणजे न उचललेला माल होता.

तरीही शंका शिल्लक होती. आरपीई खात नाही याचं कारण आरपीईत आहे, की दंडपेशीच खाण्यालायक टोक तयार करत नाही? या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रयोगानं दिलं तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. १९७६ साली मलन आणि लाव्हेल यांनी निरोगी आणि आरसीएस उंदरांचे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतले भ्रूण एकत्र करून मिश्र उंदीर तयार केले. अशा उंदराच्या डोळ्यात दोन्ही वंशांच्या पेशी ठिपक्याठिपक्यांनी शेजारी-शेजारी असतात. आरपीईची पेशी कोणाकडून आली हे तिच्या रंगावरून ओळखता येत होतं. त्यांना काय आढळलं? जिथे आरपीईचा ठिपका सदोष, तिथे त्याच्यासमोरच्या प्रकाशग्राही पेशी मेलेल्या. जिथे आरपीई निरोगी, तिथे समोरच्या पेशी जिवंत. एकाच डोळ्यात, हाताच्या अंतरावरही नाही, केसाच्या अंतरावर, एकाच स्लाइडवर. मरत होती दंडपेशी, दोष होता आरपीईत. त्या स्लाइडकडे पाहिल्यावर वादाला जागा उरत नाही.

त्यानंतर जनुक सापडायला चोवीस वर्षं लागली. २००० साली डी'क्रूझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आरसीएस उंदरात मर्टके नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला आहे. या जनुकापासून आरपीईच्या पृष्ठभागावर एक ग्राही प्रथिन तयार होतं. चकती येऊन चिकटली की ते प्रथिन आत इशारा देतं, आणि मग पेशी ती चकती गिळते. आरसीएस उंदरात चकत्या आरपीईला चिकटतात, पण गिळण्याचा इशाराच जात नाही. त्याच वर्षी गाल आणि सहकाऱ्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्या काही माणसांमध्ये याच जनुकात बदल सापडले. या आजारात आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेचा घेर कडेनं आक्रसत जातो. १९३८ साली उंदरात पाहिलेला आजार माणसात त्याच जनुकानिशी ओळखायला बासष्ट वर्षं गेली.

२००१ साली व्होलरॅथ आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या मदतीनं आरसीएस उंदराच्या आरपीईत चांगलं मर्टके जनुक पोहोचवलं. आरपीई पुन्हा खाऊ लागली आणि दंडपेशी वाचल्या. दंडपेशींना कोणी हातही लावला नव्हता, हे इथे महत्त्वाचं. माणसांवरचा पहिला प्रयत्न सौदी अरेबियात झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा रुग्णांपैकी तिघांची नजर मोजता येण्याइतकी सुधारली, पण त्यातल्या दोघांची सुधारणा दोन वर्षांत ओसरली. उंदराला हे उपचार कोवळ्या वयात, पेशी शाबूत असताना मिळतात. माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा बराच पडदा गेलेला असतो. या फरकाचा विचार न करता उंदराच्या निकालावरून रुग्णाला आशा दाखवणं मला योग्य वाटत नाही.

आरसीएस उंदरानं आणखी एक धडा दिला आणि तो प्रयोग करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा आहे. १९९० साली फॅक्टोरोविच आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की या उंदरांच्या डोळ्यात एक वाढघटक, फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर, टोचला तर प्रकाशग्राही पेशी बरेच दिवस तग धरतात. मोठी बातमी होती. पण त्याच कामात हेही दिसलं की नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी सुईच्या आसपासच्या पेशी काही प्रमाणात वाचतात. सुईची जखमच पडद्याला स्वतःचे रक्षक घटक सोडायला लावते. त्यामुळे डोळ्यात सुई घालून दिलेल्या कोणत्याही उपचाराला नुसत्या सुईची जोड-तुलना लागतेच. ती नसेल तर कितीही देखणा आलेख असला तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

आता आहाराचं एक उदाहरण थोडक्यात. डाउलिंग यांनी जॉर्ज वॉल्ड यांच्याबरोबर उंदरांना अ जीवनसत्त्वाविना वाढवलं. अशा उंदरांना आधी रातांधळेपणा येतो आणि मग बाह्यखंड विरत जातात. पण अ जीवनसत्त्व तोडलं की उंदीर सगळ्याच अंगानं आजारी पडतो, त्यामुळे डोळा कशानं गेला हे सांगणं अवघड होतं. म्हणून १९६० साली त्यांनी उंदरांना अ जीवनसत्त्वाऐवजी त्याचं आम्ल दिलं. शरीराला हे आम्ल पुरतं, डोळ्याला पुरत नाही, कारण त्यापासून ऱ्होडॉप्सिनचा रंगद्रव्याचा भाग परत बनवता येत नाही. उंदीर गुटगुटीत वाढले आणि आंधळे झाले. बिघाडाचं मूळ दंडपेशीत नव्हतं, तिचा पुरवठा तुटला होता.

आणि आता दिव्याकडे येते. माझ्या मते आज काम करणाऱ्यांसाठी हाच भाग सर्वांत जवळचा आहे.

१९६६ साली वर्नर नोएल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पांढऱ्या उंदराला खोलीतल्या दिव्यांसारख्या बेताच्या प्रकाशात नुसतं सलग ठेवलं, तरी एखाद्या दिवसात त्याच्या प्रकाशग्राही पेशींची भरून न येणारी हानी होते. भाजणं नाही, चटका नाही, लेझर नाही. साधा उजेड, फक्त न थांबणारा. सर्वांत घातक ठरला तो हिरवा प्रकाश, कारण ऱ्होडॉप्सिन हिरव्याच्या आसपास, ५०० नॅनोमीटरच्या जवळ, सर्वाधिक प्रकाश शोषतं. म्हणजे ज्या रेणूनं दिसतं, त्याच रेणूमार्फत नुकसान होतं. शरीराचं तापमान वाढवलं तर हे नुकसान आणखी झपाट्यानं होतं, हेही नोएल यांनी नोंदवलं.

पांढऱ्या उंदरालाच का? त्याच्या बाहुलीभोवतीच्या पडद्यात रंगद्रव्य नसतं. बाहुली आकसली तरी प्रकाश आजूबाजूनं आत शिरतच राहतो. काळ्या-करड्या उंदरात तो पडदा प्रकाश अडवतो. हे तपासायला रंगीत उंदरांच्या बाहुल्या औषध घालून विस्फारल्या, तर त्यांच्या दृष्टिपटलाचंही नुकसान झालं. म्हणजे रंगीत उंदराच्या पेशी काही जात्याच चिवट नाहीत, त्यांच्यापुढे फक्त आडोसा आहे.

नुकसान घडतं कसं याचा सगळा मार्ग सांगायला वेळ नाही. एवढं सांगते की बाह्यखंडांच्या पडद्यात ओमेगा-३ प्रकारची, सहज ऑक्सिडीभूत होणारी मेदाम्लं खच्चून भरलेली असतात, आणि प्रकाशामुळे ती प्रक्रिया सुरू होते. ऑर्गनिसियाक यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की प्रकाशाआधी उंदराला क जीवनसत्त्व दिलं तर हानी कमी होते. त्यांच्याच पुढच्या कामात दिसलं की तेवढाच प्रकाश मध्यरात्रीनंतर दिला तर दिवसापेक्षा कितीतरी जास्त पेशी मरतात. पुन्हा घड्याळ.

आता प्राणिगृहातल्या रॅककडे चला. पाच-सहा मजली मांडणी, प्रत्येक मजल्यावर ओळीनं पिंजरे, वर छताला नळीदिवे. लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन तो पिंजऱ्याच्या आत, उंदराच्या डोळ्याच्या उंचीवर धरा. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या पिंजऱ्यात आकडा मोठा येतो. खालच्या मजल्यावर, आतल्या कोपऱ्यात, तो त्याच्या कितीतरी पटीनं कमी असतो. एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली. आणि दोन वर्षं उंदीर त्याच पिंजऱ्यात राहणार असतो. वरच्या मजल्यावरच्या प्राण्यांच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास जास्त होतो हे फिशर वंशाच्या उंदरांत आणि माउस या लहान जातीच्या पांढऱ्या उंदरांतही १९७०च्या अखेरीस आणि १९८०च्या सुरुवातीला स्पष्टपणे नोंदवलं गेलं.

याचा परिणाम समजून घ्या. समजा एखाद्या औषधाच्या दीर्घ चाचणीत सोयीसाठी औषध न दिलेला गट सगळ्यात खाली ठेवला आणि जास्त मात्रेचा गट सगळ्यात वर. दोन वर्षांनी वरच्या गटाचे पडदे झिजलेले निघतील. अहवालात लिहिलं जाईल की जास्त मात्रेत औषध डोळ्याला विषारी आहे. मांडणी उलटी केली तर तेच औषध डोळ्याचं रक्षण करतं असं दिसेल. दोन्ही वेळा औषधाचा काही संबंध नसेल. म्हणूनच पिंजरे ठरावीक काळानं वरून खाली, पुढून मागे फिरवत राहायचे, किंवा प्रत्येक गट सगळ्या मजल्यांवर वाटून ठेवायचा. हे काम करणाऱ्या माणसाचं नाव शोधनिबंधात येत नाही, पण निष्कर्ष त्याच्या हातावर अवलंबून असतो, हे मी मनापासून सांगते.

किती प्रकाश चालेल? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगप्राणी मार्गदर्शिकेच्या २०११च्या आवृत्तीत जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीवर ३२५ लक्सच्या आसपास उजेड देखभालीला पुरेसा मानला आहे. प्रकाशाला नाजूक असलेल्या प्राण्यांसाठी पिंजऱ्याच्या पातळीवर १३० ते ३२५ लक्सची मर्यादा सांगितली आहे. आकडे उपयोगी आहेत, पण ते एकटे पुरत नाहीत, कारण उंदराचा डोळा आपला पूर्वेतिहास विसरत नाही.

पेन आणि विल्यम्स यांनी १९८६ साली दाखवलेली ही गोष्ट मला आजही थक्क करते. मंद उजेडात वाढलेल्या उंदराचे बाह्यखंड लांब असतात आणि ऱ्होडॉप्सिन भरपूर. लख्ख उजेडात वाढलेल्याचे बाह्यखंड आखूड, ऱ्होडॉप्सिन कमी. डोळा स्वतःला असा जुळवून घेतो की दिवसभरात शोषलेले प्रकाशकण जवळपास सारखेच राहावेत. आता मंद उजेडात वाढलेला उंदीर विकत आणला आणि थेट उजळ खोलीत ठेवला तर काय होईल? त्याच्याजवळ ऱ्होडॉप्सिनचा मोठा साठा आहे आणि प्रकाश एकदम वाढला. जो प्रकाश दुसऱ्या उंदराला काहीच करत नाही, तोच याच्या पेशी मारतो. म्हणजे ३०० लक्स हा आकडा सुरक्षित की घातक, हे तो उंदीर आधी कुठे वाढला यावर ठरतं. प्रजननकेंद्रात किती लक्स होते हे विचारणारी प्रयोगशाळा मात्र अजून विरळाच दिसते.

आणखी एक परिणाम. स्मरणशक्तीच्या अभ्यासात पाण्याचा हौद वापरतात. पाण्याखाली दडवलेला चौथरा उंदरानं भिंतीवरच्या खुणा पाहून शोधायचा असतो. पांढऱ्या उंदराची नजर आधीच रंगीत उंदराच्या सुमारे निम्मी तीक्ष्ण असते, हे प्रस्की आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मोजून दाखवलं. त्यात म्हातारपणानं आणि दिव्यानं पडदा गेलेला. असा उंदीर चौथरा शोधू शकला नाही, तर तो विसरला असं लिहायचं की त्याला दिसलंच नाही असं? म्हणून चौथऱ्यावर झेंडी लावून, तो दिसेल असा ठेवूनही चाचणी घ्यायची असते. ती न घेता काढलेला विस्मरणाचा निष्कर्ष मी ग्राह्य धरणार नाही.

माझ्या सूत्राला अपवादही आहेत आणि ते सांगायला हवेत. १९९० साली ड्रायजा आणि सहकाऱ्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णांत ऱ्होडॉप्सिनच्या जनुकातच बदल सापडला: २३व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन. पुढे हाच बदल असलेले पी२३एच उंदीर तयार केले गेले. इथे मरणारी दंडपेशी खरोखरच स्वतः सदोष आहे. पण इथेही गोष्ट तिच्यापाशी थांबत नाही. दंडपेशी गेल्या की मागोमाग शंकुपेशीही जातात. त्यांच्यात तर हा दोष नसतोच, कारण त्या ऱ्होडॉप्सिन बनवत नाहीत. २००४ साली लेव्हेयार, साहेल आणि सहकाऱ्यांनी दंडपेशींकडून शंकुपेशींना जगवणारं एक प्रथिन मिळतं हे दाखवलं. दंडपेशी संपल्या की तो आधार संपतो. माणसासाठी हे फार मोलाचं आहे, कारण वाचणं आणि चेहरे ओळखणं शंकुपेशींच्या जिवावर चालतं. आणि पी२३एच उंदरांना जास्त उजेडात ठेवलं तर त्यांचा ऱ्हास लवकर होतो. म्हणजे दोष जनुकात असला तरी दिवा त्यात हात घालतोच.

शेवटी आलेल्या चिठ्ठ्यांमधले दोन प्रश्न घेते.

पहिला: मग घरातल्या दिव्यांनी आपलेही डोळे जातील का? या प्रयोगांवरून तसं म्हणता येत नाही. पांढरा उंदीर निशाचर आहे, त्याच्या डोळ्याला आडोसा नाही, आणि प्रयोगात त्याला तासन् तास सलग उजेडात ठेवतात. आपण दिवसा जागणारे प्राणी आहोत, आपल्या डोळ्यात रंगद्रव्य आहे, आपण मान फिरवतो, रात्री दिवा विझवतो. शिवाय उंदराला पीतबिंदू नाही. आपली बारकाव्याची सगळी नजर त्या छोट्याशा ठिपक्यावर असते, त्यामुळे पीतबिंदूच्या आजारांबद्दल उंदीर फार थोडं सांगू शकतो. सूर्याकडे किंवा वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणं मात्र धोक्याचंच, त्याला उंदराचा पुरावा लागत नाही.

दुसरा प्रश्न फार चांगला आहे: पूर्ण आंधळ्या उंदराला दिवस-रात्र कळते का? कळते. २००२ साली डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्याच दृष्टिपटलात अशा गँग्लियन पेशी दाखवल्या, ज्या दंडपेशी आणि शंकुपेशींकडून काही न मिळताही स्वतः प्रकाशाला प्रतिसाद देतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं वेगळं रंगद्रव्य असतं. त्या मेंदूतल्या घड्याळाला उजेड-अंधार कळवतात आणि बाहुली आकसायलाही मदत करतात. ऱ्हास पूर्ण झालेल्या उंदरात या पेशी बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे उंदीर रात्री धावतो, दिवसा झोपतो, डोळ्यावर विजेरी मारली की बाहुली लहान होते, आणि पाहणारा समजतो की नजर ठीक आहे. बाहुलीच्या तपासणीवर किंवा दिनक्रमावर विसंबून राहू नका. उंदराला दिसतं की नाही हे ठरवायचं असेल तर अंधारात ठेवून इलेक्ट्रोरेटिनोग्राम, म्हणजे प्रकाशाला दृष्टिपटल देतं त्या विद्युत प्रतिसादाचा आलेख, काढा, फिरत्या पट्ट्यांमागे तो मान वळवतो का ते पाहा, आणि प्रयोग संपल्यावर वरच्या बाजूची खूण करून दोन्ही डोळ्यांचे छेद घ्या. त्या नोंदीत पिंजऱ्याचा मजला आणि तिथले लक्सही लिहा.